महाविद्यालयासाठी फिरत्या प्रशिक्षण ट्रेलरची खरेदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांचे प्राचार्य, खरेदी समितीचे सदस्य आणि लेखा विभागातील कर्मचारी यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांसाठी विद्युत जोडणी, वेल्डिंग आणि वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती हे विषय घेतले असले, तरी परिचर्या किंवा खाद्यप्रक्रिया शिकवणाऱ्या संस्थेलाही बहुतेक उत्तरे थोड्या फरकाने लागू पडतील.

फिरता प्रशिक्षण ट्रेलर म्हणजे नेमके काय?

स्वतःचे इंजिन नसलेले, दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याचे, आत कार्यशाळा किंवा प्रयोगशाळा कायमची बसवलेले वाहन म्हणजे फिरता प्रशिक्षण ट्रेलर. ही एकच वस्तू असली तरी तिच्या खरेदीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. ते एक वाहन आहे, म्हणून मोटार वाहन कायदा लागू होतो. ती एक वर्गखोली आहे, म्हणून वायुवीजन, अग्निसुरक्षा आणि सुलभ प्रवेश यांचा विचार करावा लागतो. आणि ती एक कार्यशाळा आहे, म्हणून वीज, यंत्रे आणि त्यांची देखभाल आली. बहुतेक प्रस्तावांत यंत्रांची यादी चार पानांची आणि वाहनाचा भाग चार ओळींचा असतो. प्रस्ताव अडकतो तो त्याच चार ओळींवर.

गोवा एवढा लहान असताना ट्रेलरची खरोखरच गरज आहे का?

हा प्रश्न वित्त खाते विचारणारच, म्हणून तो समितीने आधी स्वतःला विचारावा. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था पेडण्यापासून काणकोणपर्यंत पसरलेल्या आहेत, आणि नियमित प्रवेश घेतलेला विद्यार्थी रोज बसने संस्थेत येतोच. अशा विद्यार्थ्यांसाठी ट्रेलर घेणे म्हणजे असलेल्या कार्यशाळेची महागडी प्रत काढणे होय.

गरज खरी असते ती दोन ठिकाणी. पहिले म्हणजे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. सांगे, सत्तरी किंवा धारबांदोडा तालुक्यांच्या आतल्या गावांत दिवसा काम करणारा तरुण, किंवा घर सांभाळून दुपारचे तीन तास मोकळे असणारी गृहिणी, यांना अडवणारी गोष्ट किलोमीटरची नसून संध्याकाळच्या शेवटच्या बसची असते. खाणपट्ट्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्यावर ज्यांचा ट्रक, गॅरेज किंवा मशिनरीवरचा रोजगार गेला, त्यांच्यासारख्यांना नवे काम शिकायचे असले तरी ते तालुक्याच्या ठिकाणी वर्षभराच्या अभ्यासक्रमाला बसणार नाहीत. दुसरे म्हणजे एखादे महाग उपकरण अनेक महाविद्यालयांनी आळीपाळीने वापरणे. या दोन्हींपैकी कोणते कारण आपले आहे, हे प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिता येत नसेल, तर प्रस्ताव पुढे नेऊ नये.

ट्रेलर घ्यावा, बस घ्यावी, की ट्रकवर बसवलेला कंटेनर?

ट्रेलरचा फायदा असा की ओढणारे वाहन बिघडले तरी वर्ग बंद पडत नाही, आणि एकाच ठिकाणी दोन आठवडे मुक्काम असेल तर इंजिन व चालक अडकून राहत नाहीत. तोटा असा की तो मागे घेणे, वळवणे आणि उभा करणे यांसाठी सराईत चालक लागतो आणि जागाही जास्त लागते. दर दिवशी नव्या गावात जायचे असेल, तर बसच्या सांगाड्यावर बांधलेली कार्यशाळा सोयीची पडते. महिना-दोन महिन्यांत एकदाच जागा बदलायची असेल, तर साधा कंटेनर क्रेनने उतरवून ठेवणे सर्वांत स्वस्त पडते, पण कंटेनरला ‘फिरता’ म्हणणे थोडे धाडसाचे आहे. आमच्या मते एका गावी दहा दिवस ते तीन आठवडे थांबणाऱ्या कार्यक्रमासाठीच ट्रेलर योग्य आहे. गोव्याच्या वाड्यावाड्यांतले रस्ते पाहता, शंका असेल तेथे लहान बसकडे झुकावे.

खरेदीची सुरुवात कोठून करावी?

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापासून करू नये. प्रथम शिक्षकांनी एका पानावर लिहून द्यावे की विद्यार्थी ट्रेलरमध्ये हाताने काय करणार, एका वेळी किती जण करणार, आणि एक तुकडी किती तासांची असेल. त्यानंतर कार्यक्रम ज्या गावांत जाणार तेथील उभे करण्याच्या जागांची यादी करून प्रत्येक जागा प्रत्यक्ष पाहावी. या दोन कागदांवरून लांबी, वजन, वीज आणि ओढणारे वाहन आपोआप ठरत जाते. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे आधी बारा मीटरचा ट्रेलर पसंत करून मग गावे शोधल्यास, तो महाविद्यालयाच्या आवारात उभा राहतो आणि उद्‌घाटनाच्या छायाचित्रापुरता उपयोगी पडतो.

आत किती विद्यार्थी मावतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. उष्णतारोधक भिंतींची जाडी वजा केली की आत सुमारे २.३५ मीटर उरतात. दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर खोलीची कामाची टेबले बसवली, तर मधली वाट १.१५ मीटरची राहते. टेबलावर काम करणारा विद्यार्थी पाठीमागे निदान अर्धा मीटर जागा व्यापतो. म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर माणसे उभी राहिली की शिक्षकाला मधून जाण्यास जागा राहत नाही. म्हणून टेबले एकाच बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूस भिंतीवरील फलक आणि उभी उपकरणे ठेवावीत. अशा मांडणीत आठ मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये आठ ते दहा जण नीट काम करू शकतात. ‘वीस आसनी प्रशिक्षण ट्रेलर’ असे कोणी सांगितल्यास तो बसण्याचा आकडा आहे, काम करण्याचा नाही, हे लक्षात घ्यावे.

बाजूची भिंत बाहेर सरकवून रुंदी वाढवण्याची सोय अनेक उत्पादक देतात. ती देखणी असते, पण सरकणाऱ्या प्रत्येक सांध्यातून पावसाळ्यात पाणी शिरण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी बाहेर उघडणारे ताडपत्रीचे छप्पर घेऊन तुकडीचे दोन गट करावेत. एक गट आत काम करील, दुसरा बाहेर सिद्धान्त शिकेल.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी उतार पुरेसा आहे का?

सहसा नाही, आणि ही बाब आकड्यानेच पटते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून एक मीटर उंच असेल, तर उतार बारा मीटर लांब लागेल, म्हणजे ट्रेलरपेक्षाही लांब. विक्रेते तीन मीटरची अॅल्युमिनियमची फळी दाखवतात. तिच्यावरून खुर्ची वर नेणे मदतनिसालाही अवघड आणि विद्यार्थ्याला धोक्याचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शैक्षणिक संस्थांनी आपल्या जागा व सुविधा सुलभ ठेवणे अपेक्षित आहे, त्यामुळे विजेवर किंवा हायड्रॉलिक दाबावर चालणारा उचलमंच तपशीलातच मागावा, त्याची भारक्षमता लिहावी, आणि वीज नसताना तो हाताने खाली आणता आला पाहिजे अशी अट घालावी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी. निकडीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी दुसरे दार विरुद्ध टोकाला असावे.

ट्रेलरला इंजिन नसते. मग नोंदणी कशासाठी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे, आणि कलम ६१ नुसार नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. म्हणून नोंदणी, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

येथे सर्वांत मोठा धोका सांगणे आवश्यक आहे. स्वस्तात पडते म्हणून मालवाहू ट्रेलर विकत घ्यायचा आणि स्थानिक गॅरेजमध्ये त्याला खिडक्या, दारे, जनरेटर बसवून घ्यायचे, असा सल्ला हमखास मिळतो. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशीलापासून, नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी बदलतील असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. असे वाहन तपासणीत अडकते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. त्यामुळे निविदेत असे स्पष्ट लिहावे की पुरवठादाराने नमुना मान्यता (वाहनाचा नमुना तपासून दिलेली अधिकृत संमती) प्रमाणपत्रासह, नोंदणीयोग्य आणि पूर्ण बांधलेले वाहन द्यावयाचे आहे. ही मान्यता पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, किंवा मानेसर येथील आयकॅट यांसारख्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली येणाऱ्या चाचणी संस्था देतात. निविदेचा मसुदा तयार होताच तो राज्याच्या वाहतूक खात्याकडे पाठवून, वाहनाची नोंदणी कोणत्या वर्गात होईल, याचे लेखी उत्तर घ्यावे. या एका पत्राने पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात.

महाविद्यालयाच्या जीपने ट्रेलर ओढता येईल का?

ही कल्पना जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघते. एआयएस-११३ हे ट्रेलरच्या नमुना मान्यतेचे मानक एन२ आणि एन३ वर्गांच्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरांसाठी लिहिलेले आहे. कार्यशाळेसह भरलेला ट्रेलर पाच-सहा टनांपर्यंत सहज जातो, आणि तो जीपला ओढता आला तरी थांबवता येत नाही. ब्रेकची जोडणी, ओढणीच्या कडीची उंची आणि दिव्यांची वायर ही तिन्ही ओढणाऱ्या वाहनाशी जुळावी लागतात, म्हणून ओढणारे वाहन कोणते हे निविदेपूर्वीच ठरवावे.

ते विकत घेण्याची गरज नसते. वर्षातून पंधरा-वीस वेळाच ट्रेलर हलणार असेल, तर चालकासह वाहन भाड्याने घेण्याचा वार्षिक करार किफायतशीर ठरतो. मात्र करारात चालकाचा परवाना त्या वजनाच्या वाहनासाठी वैध असल्याची अट असावी आणि परवान्याची प्रत दरवर्षी घ्यावी. महाविद्यालयाच्या बसचा चालक ट्रेलरही ओढील, असे गृहीत धरू नये.

वीज किती लागते आणि ती कोठून घ्यावी?

हिशोब करून पाहावा. दोनशे अँपिअरची दोन इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे प्रत्येकी सुमारे ७ केव्हीए घेतात. दीड टनाची दोन वातानुकूलन यंत्रे मिळून साडेतीन किलोवॅट, धूर खेचणारा पंखा दीड किलोवॅट, दिवे आणि संगणक एक किलोवॅट. सर्व एकाच वेळी चालले तर वीस केव्हीएच्या आसपास मागणी जाते, म्हणून २५ केव्हीएचा जनरेटर योग्य ठरतो. असा आवाजरोधक पेटीतला जनरेटर टनाच्या आसपास वजनाचा असतो. तो ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला बसवला तर पुढचा भाग उचलला जाऊन ओढताना ट्रेलर डोलतो. त्याची जागा धुरेजवळ (चाकांच्या अॅक्सलजवळ) किंवा तिच्या किंचित पुढे असावी आणि वजनाची विभागणी दाखवणारा आराखडा पुरवठादाराकडून मागावा. जनरेटर १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) उत्सर्जन मानकांचा असल्याची खात्री करावी.

तरीही जनरेटर हा दुय्यम मार्ग समजावा. दोन आठवडे एका जागी थांबायचे असेल, तर विद्युत खात्याकडून तात्पुरती जोडणी घेणे, किंवा शाळा वा पंचायत सभागृहाच्या जोडणीवरून लेखी संमतीने आणि उपमीटर लावून वीज घेणे स्वस्त व शांत पडते. ज्या वर्गात शिक्षकाचा आवाज ऐकू येत नाही, तेथे यंत्रे कितीही चांगली असली तरी शिकणे होत नाही.

अर्थिंगबाबत तडजोड नको. प्रत्येक मुक्कामी जमिनीत अर्थिंगचा गज ठोकून त्याचा रोध मोजावा व नोंदवहीत लिहावा. जांभ्या दगडावर उभे असताना, विशेषतः उन्हाळ्यात, रोध फार जास्त येतो. अशा वेळी एकाहून अधिक गज आणि ओलावा धरणारी माती लागते. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, सर्व सॉकेटांवर असावेत. विद्युत सुरक्षेबाबतचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे विनियम निविदेत नावानिशी नमूद करावेत.

गॅस वेल्डिंग ट्रेलरमध्ये शिकवता येईल का?

शिकवू नये. अॅसिटिलीनची टाकी उभीच ठेवावी लागते, बंद जागेत गळती झाल्यास स्फोटक मिश्रण तयार होते, आणि टाक्यांची वाहतूक व साठवण गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते. आर्क वेल्डिंगची दोन केंद्रे, त्यांवर धूर खेचणारी हलती नळी, आणि अतिनील किरणे रोखणारे पडदे एवढे पुरेसे आहे. वातानुकूलन दुरुस्तीसाठी ब्रेझिंग (ज्योतीने नळ्यांचे सांधे जोडणे) शिकवायचे असल्यास ते बाहेर, छपराखाली करावे.

पावसाळ्यात ट्रेलरचे काय होते?

गोव्यात किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात समुद्राची खारी हवा. इतर राज्यांतील कोरड्या हवेसाठी लिहिलेला तपशील येथे जसाच्या तसा उतरवला, तर दोन वर्षांत बिजागऱ्या आणि खिळ्यांच्या जागा गंजू लागतात. सांगाडा गरम जस्तलेपित असावा, बाहेरचे स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या पोलादाच्या असाव्यात, आणि जमिनीसाठी प्लायवूड वापरायचे असल्यास ते आयएस ७१० प्रतीचे असावे. छपराला पाणी वाहून जाण्यापुरता उतार हवा; सपाट छपरावर साचलेले पाणी पहिली भेग शोधून काढते.

आमचा सल्ला असा की पावसाळ्यात ट्रेलर फिरवूच नये. तो महाविद्यालयाच्या आवारात छपराखाली, जॅकवर उचलून ठेवावा, म्हणजे चार महिने एकाच जागी भार पडून टायर चपटे होत नाहीत. आत दमट हवा शोषणारे यंत्र ठरावीक तास चालवावे, नाहीतर मोजमापाच्या उपकरणांच्या भिंगांवर बुरशी धरते. फिरती चतुर्थीनंतर सुरू करून मेअखेर थांबवावी. जत्रा आणि शिगमो यांच्या तारखा गावागणिक वेगळ्या असतात, तेव्हा मैदानाचे आरक्षण करताना पंचायतीबरोबर देवस्थान समितीलाही विचारावे.

रस्ते आणि फेरीबोटी यांचा विचार कसा करावा?

राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून पत्रादेवीपासून पोळेपर्यंत जाणे सोपे आहे. अडचण महामार्ग सोडल्यावरच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये येते. तेथे खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, माडांच्या झुकलेल्या झावळ्या, कपेलापाशी काटकोनात वळणारा रस्ता आणि लहान मोरी ही सर्व अडथळ्यांची यादी एकदा मोटारसायकलवर फिरून, मोजपट्टी हाती घेऊन करावी. नेत्रावळीच्या बाजूला किंवा सत्तरीच्या घाटालगतच्या गावांत चढ किती आहे, हेही त्याच फेरीत लिहून घ्यावे.

दिवाडी बेटावर फेरीबोटीवाचून जाता येत नाही. फेरीबोटीवर चढतानाचा उतार, भरती-ओहोटीनुसार बदलणारा कोन आणि वजनाची मर्यादा पाहता, लांब ट्रेलरची मागची बाजू उतरंडीला घासण्याचा धोका असतो. नदी परिवहन खात्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत अशी गावे कार्यक्रमात धरू नयेत. तेथे सुट्या पेट्यांत भरून नेता येतील अशी उपकरणे पाठवणे अधिक शहाणपणाचे आहे.

उभे करण्यासाठी किती जागा लागते?

आठ मीटरच्या ट्रेलरसाठी, ओढणीचा दांडा, छप्पर आणि उचलमंच धरून, साधारण १५ बाय ८ मीटर सपाट आणि टणक जमीन हवी.

खरेदी जेमवरून करावी की निविदा काढावी?

शासकीय संस्थांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४९ नुसार जेमवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन खरेदी संकेतस्थळावर, उपलब्ध असलेल्या वस्तू तेथूनच घ्याव्या लागतात. पूर्ण बांधलेला प्रशिक्षण ट्रेलर तयार वस्तू म्हणून सापडणे अवघड असते, तेव्हा त्याच संकेतस्थळावर स्वतःचा तपशील जोडून मागणी काढावी, किंवा ती वस्तू तेथे उपलब्ध नसल्याची नोंद घेऊन राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर जावे. अनुदानित संस्थेने अनुदान देणाऱ्या संचालनालयाची पूर्वमान्यता घ्यावी. पूर्ण खाजगी संस्थेला हे नियम थेट लागू होत नसले, तरी तीच पद्धत पाळल्यास लेखापरीक्षणात आणि देणगीदारासमोर बाजू भक्कम राहते.

तांत्रिक आणि आर्थिक अशी दोन लिफाफ्यांची पद्धत येथे अनिवार्य समजावी. जाहिरातीच्या तारखेपासून बोली भरण्यासाठी किमान तीन आठवडे द्यावे लागतात. पण ही वस्तू प्रत्येकासाठी नव्याने आखली जाणारी असल्याने पाच-सहा आठवडे दिलेले बरे. पहिल्या पंधरवड्यात बोलीपूर्व बैठक घ्यावी आणि तेथील प्रश्नोत्तरे सर्वांसाठी प्रसिद्ध करावीत. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून मिळणारी सूट आणि देशी बनावटीला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश यांचे उल्लेख मसुद्यात राहून गेले, तर तक्रारीला आयते निमित्त मिळते.

वस्तूंच्या खरेदीत तांत्रिक पात्रता पार केलेल्यांपैकी सर्वांत कमी दराची बोली स्वीकारावी लागते. म्हणून चांगल्या कामाचे रक्षण करायचे असेल, तर ते तपशीलातच करावे लागते. ‘उत्तम प्रतीचे’ या शब्दांना निविदेत काहीही अर्थ नसतो. जाडी, प्रत, मानक क्रमांक आणि चाचणी लिहिली तरच अर्थ येतो.

तपशीलात एखाद्या कंपनीचे नाव घालता येईल का?

घालू नये. शिक्षक ज्या यंत्रावर शिकले त्याचेच नाव लिहिण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण मोजता येणारे गुणधर्म लिहिले की तेच काम होते.

अंदाजपत्रक कसे करावे?

एकच ठोक रक्कम मागू नये. किमान तीन उत्पादकांकडून सांगाडा व धुरा, वरचा ढाचा, विद्युत काम, प्रशिक्षण साहित्य, उचलमंच, वाहतूक व नोंदणी असे सुटे दर मागवावेत आणि वस्तू व सेवा कर वेगळा दाखवण्यास सांगावे. सुटे दर हाती असले की एका विक्रेत्याने कोठे हात राखला आणि दुसऱ्याने कोठे फुगवला, हे टेबलावर बसल्या बसल्या दिसते. त्याच फाइलमध्ये पाच वर्षांचा चालवण्याचा खर्चही जोडावा: ओढणाऱ्या वाहनाचे भाडे, इंधन, विमा, कच्चा माल, टायर, वार्षिक देखभाल करार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षकाचा व मदतनिसाचा पगार. भांडवली खर्चासाठी पैसे देणारे पुष्कळ भेटतात. मदतनिसाच्या पगाराला हात पुढे येत नाहीत.

कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून ट्रेलर मिळू शकतो का?

मिळू शकतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांसाठी अनुसूची ७ मध्ये व्यवसाय कौशल्यांसह शिक्षणाचा समावेश आहे. वेर्णे, कुंडई किंवा कुंकळ्ळी येथील औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांकडे प्रस्ताव नेताना, त्यांना लागणाऱ्या कौशल्यांशी अभ्यासक्रमाचे नाते दाखवावे. एक नियम मात्र नीट वाचावा. अशा निधीतून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर (सामाजिक दायित्व) नोंदणी क्रमांक असलेली संस्था, लाभार्थींचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच राहावी लागते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावर मालक कोण, हे सामंजस्य करारात आधी ठरवावे. ट्रेलरच्या बाजूवर देणगीदाराचे नाव किती मोठे असावे, हाही विषय त्याच करारात मिटवलेला बरा. अन्यथा तो उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी निघतो.

आगाऊ रक्कम द्यावी का?

पुरवठादार ती मागतोच, कारण सांगाडा त्याला रोखीने घ्यावा लागतो. सामान्य वित्तीय नियमांतील नियम १७२ नुसार खाजगी पुरवठादाराला कराराच्या मूल्याच्या ३० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देता येते, तीही बँक हमीच्या बदल्यात. उरलेली रक्कम टप्प्यांच्या तपासणीशी बांधावी, आणि शेवटचा हप्ता महाविद्यालयाच्या नावे नोंदणी झाल्यावरच द्यावा. ट्रेलर आवारात आला म्हणजे खरेदी पूर्ण झाली असे नव्हे.

तपासणी कशी करावी?

कारखान्यात निदान तीनदा जावे. पहिल्या भेटीत, भिंती बसवण्यापूर्वी, सांगाड्याची वेल्डिंग व जस्तलेप पाहावा, कारण नंतर ते झाकले जाते. दुसऱ्या भेटीत वायरी नळ्यांतून गेल्या आहेत का आणि त्यांवर क्रमांक आहेत का, ते पाहावे. तिसऱ्या भेटीत पाण्याची चाचणी घ्यावी: सर्व दारे-खिडक्या बंद करून, आतील दिवे मालवून, समितीतील दोघांनी विजेरी घेऊन आत बसावे आणि बाहेरून छपरावर, दारांच्या वरच्या कडेवर व वातानुकूलन यंत्रांच्या भोवती अर्धा तास जोरदार फवारा मारावा. ओल प्रथम दाराच्या वरच्या कोपऱ्यात आणि छपरातून वायर आत येते तेथे दिसते. बोटाने चाचपून, खडूने खूण करून, छायाचित्र घेऊन पुरवठादाराची सही घ्यावी. त्यानंतर भरलेल्या वजनासह वजनकाट्यावर प्रत्येक धुरेचे वजन करावे आणि चढ-उताराच्या रस्त्यावर ब्रेकची परीक्षा घ्यावी. पुण्याकडून किंवा बेळगावकडून ट्रेलर येणार असेल, तर घाटरस्त्यांवर पावसाळ्यात अवजड वाहनांवर निर्बंध येतात हे ध्यानात ठेवून पोचवण्याची तारीख ठरवावी.

ताब्यात घेतल्यानंतर कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

ट्रेलर आणि त्यातील प्रत्येक यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये स्वतंत्र ओळीत लिहावे, कारण यंत्रे ट्रेलरच्या आधी कालबाह्य होतात आणि एकत्र नोंद असल्यास निर्लेखन अडते. वाहनाच्या विम्यात आतील उपकरणे सहसा धरलेली नसतात. त्यांचा आणि प्रशिक्षणार्थींच्या अपघाताचा विमा वेगळा घ्यावा. मुक्कामाची नोंदवही, अर्थिंगची नोंदवही आणि अग्निशामकांच्या तपासणीची नोंदवही ट्रेलरमध्येच राहाव्यात. आणि किल्ल्या कोणाकडे, हे कार्यालयीन आदेशाने ठरवावे.

ट्रेलरमधील प्रशिक्षणाला प्रमाणपत्र मिळते का?

प्रमाणपत्र ट्रेलरमुळे मिळत नाही, अभ्यासक्रमामुळे मिळते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी जोडलेला अल्पमुदतीचा अभ्यासक्रम निवडून, मान्यता देणाऱ्या संस्थेला साहित्याची यादी व जागेचे मोजमाप आधी दाखवावे. त्या यादीत नसलेले एकही महाग यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये.

एकूण किती वेळ धरावा?

गावांची पाहणी आणि अभ्यासक्रम यांना दोन महिने, मान्यता व मसुद्याला दोन ते तीन, निविदा व छाननीला तीन, बांधणीला चार ते सहा, आणि तपासणी, वाहतूक व नोंदणीला एक ते दोन महिने असा साधारण अंदाज धरावा. बेरीज वर्षाच्या पुढे जाते, त्यामुळे एकाच आर्थिक वर्षात सर्व निधी खर्च होईल असे दाखवू नये; आगाऊ रक्कम आणि अंतिम हप्ते दोन वर्षांत विभागून तरतूद मागावी. चतुर्थीनंतर फिरती सुरू करायची असेल, तर त्याच्या आदल्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये, म्हणजे प्रवेशांची धांदल चालू असतानाच, शिक्षकांकडून ते पहिले एक पान लिहून घ्यावे लागेल.